पंच बाराचा, तार सहाची

मला राग येतो. लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. माझी मुलगी तेजस्विनी म्हणते, आई, तुझं इंजिन बंद केलं तरी पंधरा मिनिटं गरम असतं. पंधरा मिनिटं कसली, या वेळी पंधरा दिवस झालेत आणि अजून हात लावून बघा, चटका बसेल.

आदिलाबादजवळ मावल्याला, बायपासच्या तोंडाशी आमचं गाड्यांच्या लाइटकामाचं दुकान आहे. बाहेर पाटी नवऱ्याच्या नावाची. सुधाकरराव समोर खुर्चीत बसतात, गाड्या बघतात, गिऱ्हाइकाशी बोलतात, पान खातात. दुकानामागे आमचं घर आणि दोन्हींच्या मध्ये एक पडवी. त्या पडवीत मी बसते. डायनामो, स्टार्टर, पंपाची मोटर, जे जळून येईल त्याचं वाइंडिंग मी करते, म्हणजे जळकी तार काढायची आणि तेवढेच फेरे मोजून नवी गुंडाळायची. एकोणतीस वर्षं करते आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी शिकवलं. ते गेले, त्यांचा पाट मला आला. पाटी मुलाला गेली.

कॉइलवरचं वार्निश वाळलं की माल मी बाहेर देते. मग सुधाकरराव डायनामो जोडतात आणि त्याच्या लोखंडी अंगावर पंच, म्हणजे पोलादी ठसा, ठेवून हातोडीने खूण ठोकतात. आधी स्वतःच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं, मग किती व्होल्टचा तो आकडा. नार्नूरपासून इंद्रवेल्लीपर्यंत कितीतरी ट्रॅक्टरांवर त्यांची ती दोन अक्षरं फिरत असतात. मेकॅनिक लोक ती पाहतात आणि म्हणतात, सुधाकररावचा माल आहे, आत बघायची गरज नाही. आत माझा हात असतो, पण आत कोण बघतो?

तर त्या दिवशी सकाळी संतोष आला. नार्नूरकडच्या एका खेड्यातला कापसाचा शेतकरी, पस्तिशीचा, बोलायला गोड. त्याच्या वडिलांचा, बाबारावांचा, साठेक वर्षांचा जुना ट्रॅक्टर. पेट्रोलवर सुरू करायचा आणि रॉकेलवर चालवायचा, त्या जातीचा. तो बारा वर्षं गोठ्यात पडून होता. यंदा संतोषने इंजिन मोकळं करून घेतलं होतं. म्हाताऱ्याची इच्छा होती की दसऱ्याला एकदा स्वतः चालवत नार्नूरच्या बाजारात जायचं, लाइट लावून. बॅटरी कधीच भंगारात गेली होती. डायनामोचा वीज आवरणारा डबा, ज्याला आम्ही कटआउट म्हणतो, तो उंदरांनी आणि गंजाने मिळून संपवला होता. उरला होता नुसता डायनामो. त्याच्यावरची कंपनीची पट्टीही पडून गेलेली, चार भोकं तेवढी शिल्लक.

"भाऊ, हा किती व्होल्टचा हाये ते तुमीच पाहून सांगा," संतोष म्हणाला. "त्या हिशोबानं नवी बॅटरी, नवा कटआउट, सगळं टाकून द्या."

प्रश्न एवढाच होता. जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असत, नंतरच्या सगळ्या बाराच्या. सहाचा डायनामो बाराच्या कटआउटवर लावला तर त्याच्या कॉइलमधून दुप्पट करंट जातो, कॉइल तापते आणि एक दिवस धूर निघतो. बाराचा सहावर लावला तर बॅटरी भरत नाही. म्हणून आधी ओळखायचं, मग जोडायचं. हे सासऱ्यांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

सुधाकररावांनी डायनामो पडवीत आणून ठेवला. "कार्बन बदल, साफ कर," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी उघडला. जाळी लागली होती, उंदराच्या लेंड्या होत्या, पण कॉइल शाबूत होती. मी ब्रशने धूळ काढली आणि हात तिथेच थांबला. कॉइलला बांधलेली पट्टी पोपटी रंगाची होती. वार्निशने काळवंडलेली, तरी कडेला पोपटी दिसत होती, आणि एका टोकाला वांगी रंगाचा काठ.

कॉइल बांधायला पांढरी सुती पट्टी लागते. तेलंगणाच्या आंदोलनाचं ते वर्ष. महिना महिना बाजार बंद असायचा आणि दुकानातली पट्टी संपली होती. मी माझं पोपटी लुगडं फाडलं होतं. आईने दिलेलं, चौथ्या वर्षी विरलेलं. त्या दिवसांत दोन-तीन डायनामो मी त्या लुगड्याने बांधले. हा त्यातलाच एक. माझीच कॉइल चौदा वर्षांनी माझ्या मांडीवर आली होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एवढ्या वर्षांत एक फेराही सुटला नव्हता.

मग तारेचा रोध मोजायला मीटर लावला. दोन्ही कॉइल मिळून तीन ओहमच्या थोडा खाली. बाराच्या डायनामोला तो आकडा सहा-सात येतो, कारण तार बारीक आणि फेरे जास्त. इथे तार जाड होती, नखाला कळत होती. सहा व्होल्ट. शंकेला जागाच नव्हती, आणि असती तरी गुंडाळणारी मीच होते.

मी बाहेर आले. पदर खोचलेला, हाताला रॉकेल, हातात ती कॉइल.

"सहाचा हाये हा," मी म्हटलं.

सुधाकररावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी कॉइल सोडवून बाहेर दिलेलं डायनामोचं रिकामं कवच ते चिंधीने पुसत होते. गंज निघाला आणि खाली त्यांची खूण उमटली. दोन अक्षरं, मग एक आणि दोनचा आकडा. त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"अरे, हा तर माहाच माल! पाहा संतोषभाऊ. बारा. म्याच ठोकला हाये."

"ठोकला तुमी, तार म्या गुंडाळली," मी म्हटलं. "तार सहाची हाये. मीटर तीन दाखवून राह्यला."

"मीटर जुना झाला तो."

"मीटर जुना झाला, तारही जुनी झाली? नख लावून पाहा. माह्या लुगड्याची पट्टी हाये त्याले. मले आठवते."

"बारा काऊन ठोकला असंन मंग म्या?" ते संतोषकडे बघून हसले. "झोपीत?"

झोपेत नाही. मला तेव्हाच लख्ख आठवलं. त्या काळात जे यायचं ते बाराचंच यायचं, म्हणून एक आणि दोनचे पंच टेबलावर बाहेरच पडलेले असायचे. सहाचा पंच पेटीत तळाला. पेटी उघडायचा कंटाळा. मी पडवीत बसून ठोके ऐकायचे. बाराच्या मालाला चार ठोके पडतात, दोन अक्षरांचे दोन आणि आकड्याचे दोन. सहाच्या मालाला तीनच पडायला हवेत. त्या दिवशी चार पडले होते. माझ्या कानाला ते लागलंही होतं, पण चुलीवर भात होता आणि मी उठले नाही. तो राग माझा माझ्यावर आहे, तो मी कोणावर ढकलत नाही.

मी हे सगळं बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. डायनामो पटापट जोडला, नवे कार्बनचे तुकडे टाकले आणि बाराच्या बॅटरीला तारा लावून मोटरसारखा फिरवून दाखवला. गरकन फिरला.

"पाहा! सहाचा असता तर असा फिरला असता?"

"असाच फिरते! सहाचा बल्ब बाराले लावला तर पयले झकासच पेटते. मंग उडते."

"वैनी," संतोष मध्येच हळूच म्हणाला, "भाऊचा पंच हाये ना पन त्याच्यावर."

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला असा राग येतो की विचारू नका. मी तरी दम धरला. त्याला विचारलं, "जुन्या बॅटरीले पानी टाकाची बुचं किती व्हती? तीन का सहा?"

"मी तवा हैदराबादले ट्रक चालवत होतो, वैनी. मले नाई माईत."

"बाबाले फोन लावा ना."

"फोनवर बाबाले ऐकू येत नाई."

"अवो, एक दिवस थांबा. घरी जाऊन इचारा आन मंग या," मी म्हटलं.

"आता म्हाताऱ्याच्या आठवणीवर लाइट जोडाचे काय?" सुधाकरराव म्हणाले. आणि मग, गिऱ्हाइकासमोर, अगदी मऊ आवाजात, "जा वं, चहा ठेव जरा."

तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि मी काय केलं? चहा ठेवला. एकोणतीस वर्षांची सवय, पाय आपोआप आत वळले.  बाहेर बाराची नवी बॅटरी, बाराचा नवा कटआउट, सगळं पिशवीत भरलं जात होतं. तेव्हा मी पातेलं खाली ठेवून दारात आडवी उभी राहायला हवी होती. राहिले नाही. आजही ते मला सलतं.

मला काय हवं होतं ते नीट सांगते, कारण नंतर लोकांनी बरंच काही काढलं. मला पाटीवर नाव नको होतं. पंचाची अक्षरंही नको होती. मी सहा म्हटलं की सहा लागावं, एवढंच. जिने तार गुंडाळली तिचा शब्द, ठोकणाऱ्याच्या आकड्यापेक्षा वर असावा. यात फार मागितलं असं मला अजूनही वाटत नाही.

चौथ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, मी पडवीत पंपाची एक मोटर घेऊन बसले होते. बाहेर ऑटो थांबली. माणसं बोलायच्या आधी वास आला. जळालेल्या वार्निशचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो शंभर वासांत कळतो. मी डोळे मिटून घेतले.

संतोषने पोत्यातून डायनामो काढून टेबलावर ठेवला. गोडवा पार उतरला होता. "भाऊ, काय केलं हे? दोन दिवस चालवला फकत. काल वावरातून घरी येता येता धूर निंघाला. बाबा वरते बसून होते! जीव गेला असता त्याहिचा."

बाबारावही आले होते. ऐंशीच्या पुढचे, धोतर, डोक्याला रुमाल, एक हात कानामागे. ते बाकावर बसले.

सुधाकररावांनी डायनामो उचलला, वास घेतला, खाली ठेवला. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता तरी म्हणतील. चुकलं म्हणू नका, नुसतं एवढं म्हणा की घरात सांगितलं होतं. मी वाट बघितली. खरंच बघितली.

"त्याचं असं हाये संतोषभाऊ," ते म्हणाले, "वाइंडिंग जुनं व्हतं ना हे. आन ते घरच्या बाईच्या हातचं. आता बायकाचं काम तुमाले माईत हाये, अर्धं ध्यान चुलीकडे. कुठं फेरा कमी, कुठं तार कच्ची. माहा पंच बरोबर हाये, पन आतलं काम कच्चं निंघालं."

एकोणतीस वर्षं. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं की वाइंडिंग मी करते. चांगलं निघालं तेव्हा सुधाकररावांचं. ट्रॅक्टर बारा-बारा वर्षं चालले तेव्हा सुधाकररावांचे. आणि पहिल्यांदा माझा हात बाहेर काढला तो जळाल्यावर.  मी मांडीवरची मोटर खाली ठेवली. आपटली असती, पण ती तिसऱ्याच माणसाची होती.

मी बाहेर गेले. नवऱ्याकडे बघितलंच नाही. सरळ बाबारावांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मला ओरडावं लागलं, आणि ते एका अर्थी बरंच झालं. समोरचा टायरवाला, चहाची टपरी, थांबलेली दोन माणसं, सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा! तुमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत पानी कोन टाके?"

"काय?"

"बॅटरीत! पानी! कोन टाके?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. एवढ्या गोंधळात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. "आमची कुसुमबाई टाके. बुधवारी सडा टाकला का बॅटरीत पानी. मले हात लावू नोती देत. तुमी सांडता मने."

"बुचं किती व्हती त्याले?"

"तीन." त्यांनी तीन बोटं दाखवली. "एक हारपलं व्हतं. तर तिनं सागाचं लाकूड तासून लावलं. दोन काळे आन एक लाकडाचं."

"पक्कं तीन?"

"अवं माय, रोज पाह्यचो ना! तीन."

मी मागे वळले. "एका बुचाखाली दोन व्होल्ट," मी संतोषला म्हटलं, पण आवाज अजून बाबारावांसाठीच होता. "तीन दुनी सहा. तुमच्या मायनं सागाच्या लाकडाचं बुच लावलं ती बॅटरी सहाची व्हती. डायनामो सहाचा व्हता. म्या सांगतलं व्हतं, तुमच्यापुढं सांगतलं व्हतं, का नाई?"

संतोषने मान खाली घातली. "सांगतलं व्हतं, वैनी."

"आन कच्चं काम पाह्यचं हाये ना? पाहा." मी पाना घेतला आणि तिथेच, टेबलावर, डायनामो उघडला. कॉइल कोळसा झाली होती. आतली तार मात्र जागच्या जागी, ओळीत, एकमेकीला चिकटून. पोपटी पट्टीची राख झाली होती, काठाचा बोटभर तुकडा तेवढा वाचला होता. "मोजा फेरे. एकही कमी निंघाला तर मी माह्या पाटावर परत बसत नाई. कच्चं असतं तर पयल्याच तासात उडालं असतं. दुप्पट मारावर दोन दिवस टिकली ही!"

"पन पंच तर..." सुधाकरराव म्हणाले.

"पंच कोनं मारला?"

त्यांनी चिंधी उचलून टेबल पुसायला घेतलं.

"मले इचारून मारला?"

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला होता, नीट ऐकू यावं म्हणून. सुधाकररावांनी रस्त्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. आता बोलतील, मला वाटलं. आणि बोललेच.

"बरं, बरं. झालं ते झालं. काढ ते जळलेलं आन नवी तार टाकून दे. संध्याकाळपोत देऊन टाकू त्याहिले. सहाचा कटआउट मी पाहातो कुठं भेटते तर."

झालं ते झालं! जसं भात करपला होता. तोच मऊ आवाज, तोच हात वर, आणि माझे पाय पुन्हा आत वळायला लागले होते. खरंच सांगते, अर्धं पाऊल पडलंही होतं. मग मी ते मागे घेतलं.

"मी नाई टाकत," मी म्हटलं.

"काऊन?"

"माहं काम कच्चं हाये ना. बायकाचं काम. तुमी करा."

ते हसले. बाबारावांकडे बघून हसले, टायरवाल्याकडे बघून हसले. कोणीच हसलं नाही. मी आत गेले, पडवीतलं तारेचं रीळ आणलं, लाकडी साचा आणला, कात्री, नवी सुती पट्टी, सगळं मांडलं. पण बाहेरच्या टेबलावर नाही. पडवीत, माझ्या पाटावर. आणि दार उघडं ठेवलं.

"या," मी म्हटलं. "गिऱ्हाइक खोळंबलं हाये."

त्यांना वाटलं असावं की मी दोन मिनिटांत निवळेन. तेवढी दोन मिनिटं निभावून न्यावीत म्हणून ते आत येऊन बसले. पाटावर त्यांचे गुडघे मावेनात. रिळाचं टोक सापडेना. सापडलं तर साच्याला कुठे अडकवायचं ते कळेना. तार उलटी धरली, तिला पीळ पडला, पीळ काढायला गेले तर वरचं इनॅमल खरवडलं गेलं. बाबाराव आणि संतोष दारातून बघत होते. काही सांगायची गरज उरली नव्हती. या दुकानातलं आतलं काम कोण करतं, हे दोघांना दिसत होतं.

मला त्या क्षणी बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपला माणूस चारचौघांत उघडा पडताना बघणं काही गोड नसतं. आणि तरी राग तसूभर कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

बाबारावच बोलले शेवटी. "सुधाकरराव, उठा बाप्पा. बाईले बसू द्या."

सुधाकरराव लगेच उठायला लागले. एवढ्या झटपट मी त्यांना कधी उठताना पाहिलं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. बाबारावांकडे वळून, ओरडून म्हटलं, "बाबा, तुमचा डायनामो चांगला होऊन जाईन. मी तपासल्याबिगर देनार नाई. दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर बाजारात जाईन. पन गुंडाळतीन हेच. आज नाई तर उद्या, उद्या नाई तर परवा."

बाबारावांनी कानामागचा हात खाली घेतला. ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले. संतोषने विचारलं, परवा येऊ का? मी म्हटलं, या. बाबाराव म्हणाले, आपण कुठं जाणार नाही, आपल्याला बघायचं आहे. संतोषने कपाळाला हात लावला आणि तोही बसला.

मी सुधाकररावांना तार सोडवून दिली. साच्यावर पहिला फेरा कसा बसवायचा ते दाखवलं, एकदाच. जळालेल्या कॉइलचे फेरे त्यांच्यासमोर मोजले. दोनशे दहा. दुसरीचेही दोनशे दहा. "एवढेच. एक कमी नाई, एक जास्त नाई. मोठ्यानं मोजा," मी म्हटलं, "म्हणजे मले बाहेर ऐकू येईन."

"बाहेर? तू कुठं चालली?"

"दुकान कोन पाहीन?"

आणि मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. खुर्ची मोठी आहे, पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर रस्ता, धूळ, आदिलाबादकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या. एकोणतीस वर्षं मी या रस्त्याचा फक्त आवाज ऐकला होता. मागून मोजणी येत होती. बारा, तेरा, चौदा. साठपर्यंत पोचले आणि तार निसटली, पुन्हा एक. मग पंच्याऐंशी, पुन्हा एक. सासऱ्यांनी याच पाटावर मुलाला बसवून चार महिने घालवले होते आणि मग कंटाळून मला हाक मारली होती. तेव्हा सुधाकररावांना सुटल्यासारखं वाटलं असेल. मला कोणी विचारलं नव्हतं.

टपरीवाल्याने न मागता चहा पाठवला. मी प्यायले.

एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, बाहेरचा दिसत होता. त्याने मला पाहिलं, पाटी पाहिली, पुन्हा मला पाहिलं.

"सेठ नहीं है क्या?"

"अंदर वाइंडिंग कर रहे हैं," मी म्हटलं. "बोलो, क्या हुआ?"

"बॅटरी चार्ज नहीं हो रही. उनको बुलाओ ना."

"मेरे को बताओ. गाड़ी चालू करो पहले."

तो जरा घुटमळला. मी खुर्चीतून उतरले, मीटर घेतला आणि बॉनेटजवळ जाऊन उभी राहिले. मग त्याने गाडी चालू केली. पट्टा ढिला होता, बाकी काही नाही. गाडी बंद करायला लावून मी पट्टा कसला, पुन्हा चालू केल्यावर मीटर त्याच्यासमोर धरला, आकडा चढताना त्याला दाखवला. तो आकड्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही, आणि मला तेच हवं होतं.

टेम्पो गेला. मी परत येऊन बसले तर मागची मोजणी थांबली होती. बाबाराव बाकावरून आत वाकून बघत होते.  मग पडवीतून हाक आली, घामेजल्या, रडकुंडीला आलेल्या माणसाची.

"भागीरथा! किती झाले वं? एकशे चाळीस का एकशे पन्नास?"

मी वळले नाही.

"मले इचारून राह्यले?" मी म्हटलं.

 सुधाकररावांनी आकडा मला विचारला, असं त्या दुकानात पहिल्यांदाच घडत होतं. मी त्यांना सांगू शकले असते. मी प्रत्येक फेरा मनात मोजला होता, टेम्पोचा पट्टा कसतानासुद्धा. एकशे त्रेचाळीस झाले होते.

"काढा सगळे," मी म्हटलं. "परत एकपासून."

 समोरून दोन गाड्या गेल्या. मग तारेचा साच्यावर घासल्याचा आवाज आला आणि त्यांनी मोठ्याने म्हटलं, "एक."